नागाओची लांबलेली माफी

कावागुचीच्या आमच्या ताकासे धातुकाम कारखान्यात साडेतीनशे माणसं चुका करतात आणि त्या साडेतीनशेंच्या वतीनं माफी मात्र एकटा नागाओ मागतो. त्याच्या कार्डावर ‘ग्राहकसंबंध विभाग, उपप्रमुख’ असं काहीतरी भारदस्त छापलेलं आहे. पण कारखान्यात कोणालाही विचारा, नागाओ काय काम करतो? तो माणूस काही न बोलता कमरेत वाकून दाखवेल.

देवानं त्याचा चेहराच या कामासाठी घडवलाय. भिवया बाहेरच्या टोकांना उतरलेल्या, गाल ओघळलेले, डोळ्यांत पाणी कायम येऊ-येऊ झालेलं. याला लॉटरी लागली तरी शेजारीपाजारी सांत्वनाला येतील. कुठल्याही ग्राहकाच्या दारात तो उभा राहिला की समोरच्याचा निम्मा राग तिथेच उतरतो, उरलेला निम्मा तो वाकून उतरवतो. एकतीस वर्षं त्यानं या चेहऱ्याच्या जिवावर नोकरी काढली, आणि ही काही थट्टेची गोष्ट नाही.

या कामापायी तो देशभर हिंडला. पण पाहिलं काय म्हणाल, तर जमीन. कुमामोतोचं नाव काढा, तो सांगेल, हिरवा गालिचा, कडेला चहाचा डाग. हिरोसाकीला चटया, त्याही जुन्या, कपाळाला टोचतात. ओकायामाला फरशी, थंडगार. किल्ले, देवळं, नद्या, बाजार? त्याचं डोकं कधी तेवढं वर गेलंच नाही.

त्याला कारण विभागप्रमुख सेगावा. नागाओहून अकरा वर्षांनी लहान, अंगानं काटकुळा आणि नियमांचा मोठा शौकीन. त्यानं माफी कशी मागावी याची एक पुस्तिकाच काढली होती. सूट गडद निळा. सोबत टोकियोच्या नावाजलेल्या दुकानातल्या गोड वड्यांचा खोका, वजनदार, कारण हलका खोका नेला तर पश्चात्तापही हलका वाटतो. सकाळी जायचं, संध्याकाळी परत. आणि माफीच्या गावात खायचं नाही, हसायचं नाही, काही बघायचं नाही. का, तर ज्याच्यापुढे तासाभरापूर्वी रडवेलं तोंड केलं तोच माणूस समोरच्या टेबलावर येऊन बसला तर? म्हणून नागाओ घरून भाताचे दोन गोळे घेऊन निघायचा आणि परतीची गाडी गावाची हद्द ओलांडेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. नियम म्हणजे नियम.

नोव्हेंबरात कानाझावाहून कढई परत आली.

शिमोनोया हे तिथलं आसानो नदीकाठचं मिठाईचं दुकान, सात पिढ्यांचं. लाल चवळीचं पुरण घाटून त्याच्या वड्या करायच्या, हा त्यांचा धंदा, आणि पुरण घाटायला कढई आमची. तांब्याची, हातानं ठोकलेली. ठोकणारा तोकुजी, वय चौसष्ट, चाळीस वर्षं हेच करतोय. सेगावाच्या डोक्यात आलं की काळानुसार बदलायला हवं, म्हणून यंदा कढईला आतून न चिकटणारा काळा लेप दिला. तोकुजी तेव्हाच कुरकुरला होता, तांब्याला कपडे कशाला घालता म्हणून. त्याचं कोण ऐकतं? दोन महिन्यांत लेपाचा तिळाएवढा कपचा सुटून पुरणात पडला. दुकानाच्या मालकीणबाई कियोए, वय एकोणऐंशी, यांनी तो स्वतः शोधून काढला, अख्ख्या दिवसाचं पुरण फेकून दिलं, आणि कढई चार ओळींच्या चिठ्ठीसह परत पाठवली. ओसाकाच्या कुठल्याशा कंपनीची पोलादी कढई महिनाभर वापरायला घेतली आहे, पुढचं महिनाअखेरीस ठरवू, असं त्या चिठ्ठीत होतं.

आता कानाझावात कियोएबाई जी कढई घेतील तीच बाकीचे मिठाईवाले घेतात. त्या गेल्या की सगळे गेले. आणि ते गेले की आमचा कढई विभाग मार्चमध्ये बंद, तोकुजी आणि त्याच्या हाताखालचे चौघं घरी. हे सेगावानं मीटिंगमध्ये स्वतःच्या तोंडानं सांगितलं. लेपाचं मात्र नाव काढलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी तोकुजीनं नागाओला गोदामापाशी गाठलं. टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, “नीट वाकशील ना रे?”

“कमरेत मोडेपर्यंत,” नागाओ म्हणाला. तो तोकुजीच्या डोळ्यांसमोरच कारखान्यात मुरला होता.

बुधवारी सकाळी साडेदहाला तो शिमोनोयाच्या दारात पोचला. सूट निळा, चेहरा तयार, हातात अडीच किलोचा खोका. दुकानाच्या काचेआड वड्या मांडल्या होत्या. काळसर, चकचकीत, लाल चवळीच्या पुरणाच्या वड्या. नागाओनं वड्यांकडे पाहिलं. मग खोक्याकडे पाहिलं. खोक्यात काय होतं? लाल चवळीच्या पुरणाच्या वड्या. पुस्तिकेत लिहिलंय म्हणून सेगावानं विकत आणल्या, पुस्तिकेत लिहिलंय म्हणून नागाओनं उचलल्या, आणि सात पिढ्यांच्या वडीवाल्याकडे माफी म्हणून दुसऱ्याची वडी घेऊन आपण निघालोय हे या दारात पोचेपर्यंत दोघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. असल्या चुका करायला आमच्यासारखी शिस्तीची माणसंच लागतात. नागाओनं खोका पाठीमागे लपवला.

बाईंची सून सुझुयो बाहेर आली. पन्नाशीची, शांत, हातावर पिठाची पांढरी पूड. तिनं कार्ड दोन्ही हातांनी घेतलं, वाचलं आणि म्हणाली, “आई आज भेटणार नाहीत.”

“मी थांबतो. कितीही वेळ थांबतो. इथेच कोपऱ्यात.”

सुझुयोनं त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. “नको, इथे थांबू नका. गिऱ्हाईकांना वाटेल घरात कोणी गेलं. उद्या या.”

त्यानं रस्त्यावर येऊन सेगावाला फोन लावला. सेगावा म्हणाला, “भेटल्याशिवाय परत यायचं नाही, नागाओसान. हॉटेल घ्या. आणि चेहरा सांभाळा, सगळं गाव बघत असतं.”

एवढ्यात ढग गडगडला आणि गारा सुरू झाल्या. कानाझावाचा नोव्हेंबर म्हणजे असाच, आता ऊन तर आता गारा. नागाओ धावत एका गल्लीत शिरला आणि एका खानावळीच्या वळचणीला उभा राहिला. पोटात कावळे ओरडत होते. गाव सोडायचं नव्हतं म्हणजे गोळे खायचे तरी कधी? पुस्तिकेत याला उत्तर नव्हतं. त्यानं इकडेतिकडे बघून भाताचा गोळा हळूच बाहेर काढला. तेवढ्यात मागचं दार सरकलं.

“माझ्या दारात उभं राहून गार भात खाताय?” खानावळवाली म्हणाली. हामाको नाव तिचं, अंगानं ऐसपैस, कमरेला फडकं. “लोक काय म्हणतील मला? आत या.”

“मी नाही येऊ शकत. मी माफी मागायला आलोय.”

“माझी?”

“नाही, दुसऱ्यांची.”

“मग माझ्याकडे जेवायला काय हरकत आहे? या, गारा आत येतायत.”

त्याला हो-नाही म्हणायला वेळच मिळाला नाही. गोळा तिनं काढून घेतला, त्याला बाकावर बसवलं आणि समोर वाटी आदळली. बदकाच्या मांसाचा रस्सा, दाटसर, वर वासाबीच्या चटणीचा हिरवा झणझणीत ठिपका. नागाओनं ठरवलं, शिष्टाचार म्हणून एक घास. तो एक घास जिभेवर गेला आणि काय झालं ते त्याला नंतरही नीट सांगता येईना. मांसाला पिठाचं तलम अस्तर, त्यात अडकलेला गोडसर रस, आणि मग तो हिरवा ठिपका नाकात गेला. डोळ्यांतून पाणी आलं. आयुष्यात पहिल्यांदा ते खरं पाणी होतं. नागाओनं वाटी चाटूनपुसून साफ केली आणि दुसरी मागितली. मग तिसरी.

“अहो, हसता का काय?” हामाको म्हणाली.

नागाओनं गालाला हात लावला. खरंच की, गाल वर गेले होते. त्यानं घाईघाईनं ते खाली ओढले, पण ते काही राहीनात.

“मादी खेकडे आलेत,” ती म्हणाली. “आठच आठवडे असतात. बघा बुवा, मी आग्रह करत नाही.”

आग्रह न करता तिनं ताटली पुढे सरकवली. खेकड्याच्याच पाठीच्या वाटीत त्याचं मांस, खाली नारिंगी अंडी, वर पाय एकेक सोलून ओळीनं रचलेले. नागाओनं तोकुजीची आठवण काढली. तोकुजी तिकडे नोकरी जायच्या भीतीनं झोपत नसेल आणि आपण इथे अंडी खातोय. त्याला स्वतःची लाज वाटली. लाज वाटता वाटता त्यानं दुसरी ताटली मागवली.

गुरुवारी सकाळी तो पुन्हा शिमोनोयाच्या दारात. चेहरा आरशासमोर वीस मिनिटं बसून खाली आणलेला. सुझुयो म्हणाली, आई देवळात गेल्या आहेत, दुपारी या. नागाओ वाकला, फार दुःखानं वाकला, वळला, आणि कोपऱ्यावर पोचेपर्यंत त्याचे पाय पळायला लागले होते. दुपारपर्यंत चार तास! त्याला शाळेला अचानक सुट्टी मिळाल्यासारखं वाटलं.

तो मोठ्या बागेत गेला. बर्फाच्या भारानं फांद्या मोडू नयेत म्हणून माळी देवदारांना दोऱ्या बांधत होते. खोडाच्या शेंड्यावरून शेकडो दोऱ्या खाली उतरलेल्या, एकेका फांदीला एकेक. नागाओ मान वर करून बघत राहिला. मान एवढी वर करायची सवय नसल्यामुळे ती अवघडली, मग तो सरळ बाकावर आडवा झाला आणि तसाच बघत राहिला. एका माळ्यानं वरून विचारलं, “साहेब, बरं वाटत नाही का?” नागाओ म्हणाला, “इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.” तिथून तो बाजारात गेला, कोळंब्या कच्च्याच खाल्ल्या, गोड, जिभेवर विरघळणाऱ्या. तिथून जुन्या सरदारांच्या मातीच्या भिंतींमधून फिरला, वाट चुकला, मुद्दाम आणखी चुकला. तिथून लाकडी जाळीच्या घरांच्या आळीत गेला, आणि तिथे सोन्याचा अख्खा वर्ख लावलेलं आईस्क्रीम मिळतं म्हटल्यावर ते खाल्लं. सोन्याला चव नसते. पण सोनं खाताना माणसाला काय वाटतं ते कसं सांगणार? सत्तावन्न वर्षांचा बाप्या, निळा सूट, बगलेत अडीच किलोचा खोका, आणि तोंडानं गुणगुणतोय.

दुपारी तीनला सुझुयोनं दार उघडलं. त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग खिशातून रुमाल काढून पुढे केला.

“ओठाला सोनं लागलंय,” ती म्हणाली. “नाकालाही.”

नागाओला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यानं नाक पुसलं. सुझुयोच्या ओठांचा एक कोपरा थोडा हलला, पण तिनं तो आवरला. “आई आजही नाही म्हणतायत. उद्या सकाळी नऊ वाजता या.”

आणि इथे नागाओला स्वतःबद्दल एक गोष्ट कळली, जी त्याला मुळीच आवडली नाही. सुझुयोनं नाही म्हणताच त्याला आनंद झाला होता. चांगला उकळ्या फुटण्याइतका. नदीच्या पुलावर उभं राहून त्यानं स्वतःला खडसावलं. अरे हरामखोरा, पाच माणसांच्या पोटाचा प्रश्न आहे. बाईंनी भेटू नये म्हणून तू मनात प्रार्थना करतोस? सेगावाचा फोन आला. काही खाल्लंत की नाही, त्यानं विचारलं. “घास उतरत नाही,” नागाओ म्हणाला. “शाबास,” सेगावा म्हणाला, “असंच पाहिजे.”

पाच वाजता तो रश्श्यात शिजवलेला मुळा, अंडी आणि माशाच्या वड्या विकणाऱ्या एका चिमुकल्या दुकानात घुसला. मधे वाफाळतं पातेलं, भोवती दहा जण, खांद्याला खांदा. एका बाजूला न्हाव्याचं दुकान चालवणारी बाई, दुसऱ्या बाजूला टॅक्सीवाला. मुळा असा मुरलेला की काडीनं तुटावा. गरम साके पोटात गेल्यावर नागाओची जीभ सैल सुटली.

“या खोक्यात काय आहे, दोन दिवस घेऊन फिरताय? आमच्या स्टँडवर पैज लागलीय,” टॅक्सीवाल्यानं विचारलं. “एक जण म्हणतो अस्थी.”

“पश्चात्ताप आहे,” नागाओ म्हणाला.

“खायचा असतो का?”

नागाओनं विचार केला. हा खोका शिमोनोयात देणं म्हणजे त्यांच्या तोंडावर मारणं. परत नेणं म्हणजे पुस्तिकेचा भंग. त्यानं दोरी सोडली, सुरी मागितली, आणि दुकानभर वड्यांचे काप वाटले. मंडळी खूश. न्हावीणबाईंनी तुकडा चघळला, आणखी एक घेतला आणि म्हणाल्या, “खरं सांगू? हल्लीच्या शिमोनोयापेक्षा बरी आहे.”

टॅक्सीवाला छताकडे बघायला लागला. दुकानदारानं पातेल्यात उगाच डाव फिरवला.

“हल्लीच्या म्हणजे?” नागाओनं विचारलं.

“काही नाही,” न्हावीणबाई म्हणाल्या. “मी काही बोललेच नाही. मुळा घ्या.”

शुक्रवारी नऊ वाजता सुझुयोनं दार उघडलं आणि बाजूला झाली. “या. आई वाट बघतायत.”

नागाओच्या हातात खोका नव्हता. आतल्या खोलीत कियोएबाई बसल्या होत्या. मूठभर म्हातारी, पाठ ताठ, केस एकही जागचा न हललेला. नागाओ उंबऱ्यातच गुडघ्यांवर बसला, हात टेकले, कपाळ चटईकडे निघालं.

“थांबा,” बाई म्हणाल्या. “एकदा तुम्ही वाकलात की मला माफ करावं लागतं. ती रीत आहे. मला अजून माफ करायचं नाही. सरळ बसा.”

नागाओ अर्ध्यावर अडकला. एकतीस वर्षांत त्याला कोणी असं मधेच थांबवलं नव्हतं. तो हळूहळू सरळ झाला आणि आता चेहऱ्याचं काय करायचं ते त्याला कळेना.

“बुधवारी बदकाचा रस्सा, तीन वाट्या,” बाई म्हणाल्या. “खेकडे चार.”

“दोन,” नागाओ पुटपुटला.

“दुपारी दोन, संध्याकाळी दोन. हामाको माझी भाची आहे. काल बागेत झोपलात. सोनं खाल्लंत. माझ्याकडे आणलेल्या वड्या परक्या लोकांना वाटल्यात. कशा होत्या?”

“चांगल्या होत्या,” नागाओ म्हणाला. त्याचे कान तापले होते.

“माझ्यापेक्षा?”

“तुमच्या मी खाल्ल्या नाहीत.”

“तीन दिवस सगळं गाव खाल्लंत आणि माझ्या वड्या नाही खाल्ल्या?” म्हातारी खरीच दुखावली होती. “सुझुयो, आण गं.”

सुझुयोनं ताटली आणली. काळ्या लाखेच्या ताटलीत एक जाडसर काप, बाजूला चहा. ताटली ठेवताना ती नागाओची नजर टाळत होती. नागाओनं लाकडी सुरीनं तुकडा तोडला आणि तोंडात ठेवला.

चवळीचा गंध छान होता. गोडी बेतशीर. पोत रेशमासारखा. आणि या सगळ्याच्या तळाशी, गिळता गिळता, जिभेच्या मुळाशी काहीतरी कडसर राहिलं. तीन दिवसांपूर्वीचा नागाओ असता तर त्याला ते कळलंही नसतं, एकतीस वर्षं गार भात खाल्लेली जीभ होती ती. पण आता ती जागी झाली होती. पुरण बुडाला लागलेलं होतं. फार नाही, किंचित. पण लागलेलं होतं.

“कशी आहे?” बाई म्हणाल्या.

अशा प्रश्नाचं एकच उत्तर त्याला येत होतं, अप्रतिम. तेवढं म्हटलं की काम झालं, बाई सुखावतील, मग वाकायचं, मग घरी. तोकुजी डोळ्यांसमोर आला, हातात टोपी घेऊन. खरं बोललो तर सात पिढ्यांचा अपमान, ऑर्डर गेली, पाच माणसं रस्त्यावर. नागाओनं तोंड उघडलं. अप्रतिम हा शब्द जिभेवर आलाही. पण जीभ त्याचं ऐकेना. जिनं हामाकोचा रस्सा खाल्ला होता, मुळा खाल्ला होता, तिला त्याच तोंडानं आता खोटं बोलायची शरम वाटत होती.

“लागलंय,” तो म्हणाला.

त्यानं लाकडी सुरी ताटलीत परत ठेवली.

“पुरण बुडाला लागलंय. थोडंसंच. शेवटी कळतं.” त्याचा आवाज बारीक झाला, पण तो थांबला नाही. “पोलादात आच एका जागी धरते. तांब्यात ती पसरते. तोकुजी म्हणतो तसं. तोकुजी म्हणजे तुमची कढई ठोकणारा.”

कियोएबाईंनी ताटली स्वतःकडे ओढली. एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले. बराच वेळ चघळला. मग डोळे उघडून सुनेकडे पाहिलं.

“मला कळत नाही,” त्या म्हणाल्या. “उन्हाळ्यापासून माझ्या जिभेला शेवटची चव कळत नाही. तुला कळत होतं?”

“हो, आई.”

“कधीपासून?”

“ओसाकाची कढई आली त्या दिवसापासून.”

“तीन आठवडे? आणि तू बोलली नाहीस?”

“तुम्हाला कळत नाहीये, हे मला बोलवेना,” सुझुयो म्हणाली आणि तिचा आवाज फुटला.

“भटारखान्यातले सगळे?”

“सगळ्यांना माहीत आहे.”

“आणि गाव?”

सुझुयो उगाच चहाची वाटी सरळ करायला लागली. नागाओनं चटईकडे पाहिलं. म्हातारीच्या तोंडावरून काहीतरी झरझर गेलं, राग, लाज, आणि शेवटी, नागाओला विश्वासच बसेना, हसू. आधी खांदे हलले. मग ती मूठभर बाई हसायला लागली, हुंदक्यासारखं, तोंडावर बाही धरून. सुझुयो रडता रडता हसायला लागली. दोघींकडे बघून नागाओचेही गाल वर गेले, आणि या वेळी त्यानं ते ओढले नाहीत.

“तीन आठवडे मी गावाला करपलेलं खायला घालतेय,” बाई डोळे पुसत म्हणाल्या, “आणि गाव मुकाट्यानं खातंय. केवढा हा मान! एवढ्या मानानं दुकान बुडालं असतं माझं.” त्या थांबल्या. “उद्यापासून शेवटची चव सुझुयो बघेल. मी विचारलं तर खरं सांगायचं, काय?”

“हो, आई.”

“आणि तुमचा तो तोकुजी. त्याला म्हणावं दोन कढया. पण नुसतं तांबं. तो काळा चिखल पुन्हा लावलात तर मी स्वतः येऊन त्यात तुम्हाला घाटीन. ओसाकाची कढई आजच परत जाईल.”

मग त्यांनी जे केलं त्याची नागाओला कल्पना नव्हती. दोन्ही हात चटईवर टेकून कियोएबाई त्याच्यापुढे वाकल्या, अगदी खाली, कपाळ टेकेपर्यंत. समोर त्याला त्यांचा पांढरा भांग दिसला. समोरचा वाकला की आपण काय करायचं असतं, हे नागाओला ठाऊकच नव्हतं. तो लहान पोरासारखा बघत राहिला.

रस्त्यावर आल्यावर त्यानं सेगावाला फोन लावला.

“मिळाली माफी?” सेगावानं विचारलं.

नागाओ उत्तर द्यायला गेला आणि जागच्या जागी थबकला. “मागायची राहिलीच,” तो म्हणाला.

“राहिली म्हणजे? तीन दिवस काय करत होतात? आत्ताच्या आत्ता परत जा आणि मागा.”

“त्यांनी दोन कढया मागवल्यात, साहेब. बिनलेपाच्या.”

पलीकडे पुस्तिकेची पानं उलटल्याचा आवाज आला. मग सेगावा म्हणाला, “तरीही. पुस्तिकेप्रमाणे माफी मागायलाच हवी.”

“कोणत्या चुकीची?” नागाओनं विचारलं. त्यानं ते अगदी साधेपणानं विचारलं, पण असं त्यानं एकतीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. “कढई चांगलीच होती. लेप तुम्ही लावलात. मागायची असेल तर या, गाव छान आहे.” आणि त्यानं फोन ठेवून दिला. त्याला असं काही हलकं वाटत होतं की पुलाचा कठडा धरून उभं राहावं लागलं.

मग त्यानं तोकुजीला फोन केला. मागे हातोड्याचे आवाज येत होते.

“दोन कढया,” नागाओ म्हणाला. “नुसतं तांबं.”

हातोडे थांबले. तोकुजीनंच हात करून थांबवले असणार. पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला, मग पुन्हा एकदा, जास्त मोठ्यानं.

“फार वाकावं लागलं का रे तुला, माझ्यापायी?” तोकुजीनं विचारलं.

“मुळीच नाही. तुझ्यापायी वाकायचं काही कारणच नव्हतं.”

नागाओ खाली नदीकडे बघत राहिला. पाणी उन्हात चमकत होतं आणि वर पुन्हा ढग जमत होते.

“मग तीन दिवस केलंस काय तिकडे?” तोकुजीनं शेवटी विचारलं.

“वेळ आहे तुला?”

“आता वेळच वेळ आहे. सांग.”

नागाओ कठड्याला टेकून नीट उभा राहिला आणि बदकाच्या रश्श्याच्या पहिल्या वाटीपासून सुरुवात केली.